हॅनाच्या लेकीची जन्मतारीख

निवृत्तीच्या दिवशी श्यामकांत टेंब्यांना सहकाऱ्यांनी सायकल दिली आणि कानाच्या डॉक्टरांनी यंत्र. टेंब्यांच्या घराण्यात साठीनंतर कान जातातच, त्यामुळे यंत्राचं त्यांना फारसं वाटलं नाही. सायकलवरून ते आठ-पंधरा दिवस ऱ्हाइनच्या काठाने फिरले. मग एका सकाळी सवयीने साडेपाचला उठून, दाढी करून, बूट घालून दारात उभे राहिले, आणि जायला जागाच नाही हे त्यांच्या ध्यानात आलं.

एकतीस वर्षं त्यांनी लुडविग्सहाफेनच्या कारखान्यात पंप, व्हॉल्व्ह आणि पाइप सांभाळले होते. पाळी बदलताना कामाची नोंद लिहायची ती वही, शिफ्टबूख, त्यांच्यासारखी कुणी ठेवत नसे. आता लिहायला काही उरलं नव्हतं. पत्नी वासंती मराठी मंडळ, पोहणं आणि शेजारच्या आजारी म्हातारीची खरेदी यांत बुडालेली. तिच्या दिवसात टेंब्यांना बसवायला जागा सापडत नव्हती.

मुलगी एकच, ईश्वरी. ती बॉनला होती. लहानपणापासून तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमधून यायचं. एकोणिसाव्या वर्षी ती रसायनशास्त्राला गेली तेव्हा टेंब्यांनी कारखान्यात पेढे वाटले होते. दोन वर्षांनी तिने ते सोडलं आणि इतिहास घेतला.

‘‘इतिहास काय, सुट्टीतही वाचता येतो,’’ टेंबे तेव्हा म्हणाले होते.

‘‘मला तो सुट्टीत वाचायचा नाहीये, बाबा.’’

भांडण एवढंच झालं. त्यानंतर नऊ वर्षं बापलेकीत अबोला नव्हता, पण बोलणं हवामान, उशिरा धावणाऱ्या गाड्या आणि तब्येत यांच्यापुढे सरकत नव्हतं. ती डॉक्टरेट करते आहे हे त्यांना ठाऊक होतं. अमेरिकेतल्या गुलामगिरीवर करते आहे, हेही. त्यापलीकडे त्यांनी विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या नाताळात ती घरी आली. दुपारी जेवण आटोपून तिघं टेबलाशीच बसली होती. हवामानाचं बोलून झालं होतं. काहीतरी विचारायचं म्हणून टेंब्यांनी विचारलं, ‘‘पण तिथे गुलामगिरी तर पहिल्यापासून होतीच ना? मग त्यात शोधायचं काय?’’

ईश्वरीने पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

‘‘पहिल्यापासून नव्हती. तेच तर शोधतेय. ती तिथे हळूहळू बनवली गेली.’’

आणि ती बोलायला लागली. सोळाशे एकोणीसमध्ये एका जहाजाने वीसेक आफ्रिकन माणसं व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर आणली, पोर्तुगीजांच्या जहाजावरून लुटून आणलेली. तेव्हा तिथे त्यांच्याबद्दल कायदा असा नव्हताच. तंबाखूच्या शेतात गरीब इंग्रज पोरंही राबत होती, पाच-सात वर्षांच्या करारावर. काही आफ्रिकन माणसं सुटली, त्यांनी जमिनी केल्या, लग्नं केली. मग एकेक वाट बंद होत गेली. सोळाशे चाळीसमध्ये तीन नोकर मालकाकडून पळाले आणि पकडले गेले. दोघा गोऱ्यांना काही वर्षं वाढवून मिळाली, तिसरा काळा होता, त्याला आयुष्यभराची चाकरी. सोळाशे बासष्टमध्ये कायदा आला की मूल आईच्या स्थितीप्रमाणे. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कुणीही असो.

‘‘इंग्लंडात मूल बापावर जायचं,’’ ईश्वरी म्हणाली. ‘‘इथे मुद्दाम उलटं केलं. म्हणजे मालकापासून झालेलं मूलही मालकाच्याच मालमत्तेत जमा. पाच वर्षांनी आणखी एक कायदा. बाप्तिस्मा घेतला म्हणून कुणी सुटणार नाही. पुढे इंग्लंडातून करारावर येणारे कमी झाले, आफ्रिकेतून येणारी जहाजं वाढली, आणि तोवर सगळं कागदावर तयार होतं.’’

टेंबे ऐकत होते. यंत्राचा आवाज त्यांनी वाढवून घेतला होता. एकेक झडप बंद करत नेली की शेवटी प्रवाहाला एकच दिशा उरते, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं.

‘‘आणि माणसं काय करत होती? ज्यांच्यावर हे चाललं होतं ती?’’

‘‘कोर्टात जात होती. ज्यांना जमलं ती.’’ मग तिने हॅनाचं सांगितलं. हॅना लहानपणी आफ्रिकेतून आणलेली. मालकाने मृत्युपत्रात लिहून ठेवलं की माझ्यामागे ही मुक्त. पुतण्याने ते दडपलं. सहा वर्षं ती त्याच्याकडे राबली, आणि सोळाशे चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात एकाएकी कोर्टात अर्ज घेऊन उभी राहिली. ऑक्टोबरात निकाल लागला. हॅना मुक्त.

‘‘छान झालं की,’’ वासंती म्हणाली.

‘‘तिची मुलगी जुडिथ फेब्रुवारीत जन्मली होती, आई. निकालाच्या आठ महिने आधी. तेव्हा हॅना गुलामच होती.’’ ईश्वरी थांबली. ‘‘माझ्या प्रबंधातल्या त्या प्रकरणाचं नावच ‘आठ महिने’ आहे.’’

वासंतीने उठून उगाचच ताटं उचलली. ईश्वरी बॉनला परत गेल्यावर दुसऱ्याच दिवशी टेंब्यांनी तिच्या संस्थेची वेबसाइट उघडली. तिथे एक आवाहन होतं. व्हर्जिनियातल्या जुन्या कोर्टाच्या वह्यांचे फोटो नुकतेच आले आहेत, ते वाचून टाइप करायला स्वयंसेवक हवेत, कुठूनही, घरबसल्या. टेंब्यांनी नाव नोंदवलं. ईश्वरीला सांगितलं नाही. आपल्याला जमलं नाही तर उगाच कशाला, असा त्यांचा हिशेब होता.

सुरुवातीला एक ओळ लागायला तास लागत होता. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी वळण म्हणजे वेलीसारखं गुंतलेलं. पण टेंब्यांचे वडील साताऱ्याला भूमापन कचेरीत होते आणि मोडीतले जुने कागद वाचून देत. एका अक्षरावर अडून बसू नको, ते म्हणत, त्याच हाताने तेच अक्षर पुढे कुठे सोपं काढलंय ते बघ. टेंब्यांनी तसंच केलं. कारकुनाच्या प्रत्येक अक्षराचा नमुना कागदावर उतरवून भिंतीला लावला. फेब्रुवारी संपेपर्यंत ते दिवसाला दोन पानं वाचत होते. वासंतीला आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. नवरा पुन्हा वेळेवर जेवत होता, आणि ‘‘चल, फायराबेंड,’’ असं कारखान्यात काम संपल्यावर म्हणत तसं म्हणून संध्याकाळी पाच वाजता लॅपटॉप मिटत होता.

मार्चमध्ये त्यांना नवी वही मिळाली. दुसऱ्याच दिवशी त्यात हॅनाचं नाव आलं.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पान एकेचाळीस, ऑक्टोबर, सोळाशे चौऱ्याहत्तर. मृत मालकाच्या इच्छेप्रमाणे हॅना ही निग्रो बाई आजपासून मुक्त आहे. टेंबे खुर्चीतून उठले, खिडकीशी जाऊन आले आणि पुढे वाचायला बसले. नोव्हेंबरात एका कुंपणाचा तंटा. डिसेंबरात एका खलाशाचा मृत्यू. आणि पान चव्वेचाळीसवर, त्याच कारकुनाच्या हातची, त्याच फिकट शाईतली नोंद: ‘जुडिथ, हॅनाची मुलगी, जन्म ९ फेब्रुवारी १६७४.’

त्यांना ते खटकलं. डिसेंबर चौऱ्याहत्तरनंतर फेब्रुवारी चौऱ्याहत्तर कसा येईल? शिफ्टच्या वहीत कुणी मागे जाऊन लिहीत नाही. विसरलेली नोंद नंतर घातली तर तसं लिहितात, आणि या कारकुनाने दुसऱ्या एका ठिकाणी तसं लिहिलंही होतं, ‘आधी राहून गेलेले’ असं. इथे तसं काही नव्हतं. त्यांनी पुढची नोंद पाहिली. २६ मार्च १६७५.

त्याच वेळी वासंती स्वयंपाकघरातून विचारत होती, ‘‘अहो, मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम कधी धरायचा? फाल्गुनातच उरकून घ्या म्हणतायत हॉलवाले. पाडव्याच्या दिवशी हॉल नाहीये.’’

टेंब्यांनी अर्धंच ऐकलं, पण तेवढं पुरलं. माघ, फाल्गुन, मग पाडवा, मग नवं साल. आपल्याकडे माघ-फाल्गुन सरत्या वर्षात जातात. स्वयंसेवकांच्या पुस्तिकेत त्यांनी हे पहिल्या आठवड्यातच वाचलं होतं आणि विसरले होते, की त्या काळी इंग्रजांचं वर्षही मार्चच्या पंचवीस तारखेला बदलत असे. म्हणजे तिथलाही फेब्रुवारी वर्षाच्या शेवटाला. ऑक्टोबर चौऱ्याहत्तर आधी, फेब्रुवारी चौऱ्याहत्तर नंतर. आजच्या हिशेबाने जुडिथचा जन्म सोळाशे पंचाहत्तरचा. आई मुक्त झाल्यावर चार महिन्यांनी.

त्यांनी ते बोटांवर मोजलं, मग कागदावर मांडलं. पोर सुटली होती. आणि त्यांच्या मुलीचं प्रकरण चुकलं होतं. वासंतीकडून त्यांना कळलं होतं, प्रबंध सोमवारी द्यायचा होता. आज बुधवार होता.

‘‘फोन करा ना तिला,’’ सगळं ऐकून घेतल्यावर वासंती म्हणाली.

‘‘फोनवर तिला ‘चुकलंय’ एवढाच शब्द ऐकू जाईल, आणि मला तिचं काहीच ऐकू येणार नाही.’’

‘‘मग जा.’’

‘‘नऊ वर्षं तिच्या कामाबद्दल एक शब्द काढला नाही मी. आणि आता जायचं ते चूक दाखवायला?’’

वासंतीने हातातलं काम थांबवलं. ‘‘तुमच्या कारखान्यात कुणाला गळती दिसली आणि तो वाईट दिसेल म्हणून गप्प बसला, तर तुम्ही काय केलं असतं?’’

गुरुवार त्यांनी सगळी पानं पुन्हा तपासण्यात घालवला. शुक्रवारी सकाळी ते गाडीत बसले. माइन्झला गाडी बदलली आणि पुढे ऱ्हाइन डाव्या-उजव्या वळणांनी खिडकीतून दिसत राहिली, पण टेंब्यांचं लक्ष मांडीवरच्या फाइलकडे होतं. तिला काय म्हणायचं, याची वाक्यं ते मनातल्या मनात जुळवत होते आणि मोडत होते.

ईश्वरी विद्यापीठाच्या मेन्साच्या, म्हणजे खानावळीच्या, दाराशी उभी होती. आठवडाभर झोप नसल्यासारखा चेहरा. ‘‘आईला बरं आहे ना?’’ हाच तिचा पहिला प्रश्न.

‘‘आई ठीक आहे. मी तुझ्या कामाचं बोलायला आलोय.’’

कोपऱ्यातलं टेबल बघून दोघं बसली. टेंब्यांनी आधी स्वयंसेवकाचं सांगून टाकलं. ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

‘‘यादीत ‘एस. टेंबे’ होतं. मी म्हटलं, कुणीतरी दुसरं असेल.’’

‘‘मीच तो.’’ मग त्यांनी छापून आणलेली चार पानं तिच्यासमोर ओळीने मांडली. एकेचाळीस ते चव्वेचाळीस.

ईश्वरीने आधी नकारार्थी मान हलवली. ‘‘बाबा, जुन्या वर्षाचं मला माहीत आहे. पहिल्या सत्रातच शिकवतात. पण या वहीचं नव्वद वर्षांपूर्वी टंकलेखन झालंय, मी तेच वापरलं, तेव्हा फोटो नव्हतेच. त्या माणसाने सगळ्या तारखा नव्या पद्धतीने करून क्रमाने लावल्या. प्रस्तावनेत तसं स्पष्ट लिहिलंय.’’

‘‘प्रस्तावनेत लिहिलंय. पण या पानांवर करायचं त्याच्याकडून राहून गेलं. आणि मग क्रम लावताना त्याने फेब्रुवारीला उचलून ऑक्टोबरच्या आधी नेऊन ठेवलं.’’ टेंब्यांनी बोट ठेवलं. ‘‘हा डिसेंबर. ही जुडिथ. हा सव्वीस मार्च, नवं वर्ष सुरू. मधे मागे गेल्याची खूण कुठे नाही. हात तोच, शाई तीच.’’

ती पानांवर वाकली. एकदा वाचून झालं, पुन्हा वाचलं. आसपास थाळ्यांचा आवाज चालू होता. टेंब्यांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं, ते फक्त तिच्या कपाळाकडे बघत होते. तिने एक बोट ऑक्टोबरवर ठेवलं, दुसरं फेब्रुवारीवर, आणि ओठ हलवत महिने मोजले.

‘‘पाचवा महिना,’’ ती हळूच म्हणाली.

‘‘काय?’’

‘‘कोर्टात निकाल ऐकताना तिला पाचवा महिना होता.’’ ती मान वर करून बोलायला लागली, टेंब्यांना ओठ दिसतील असं, सावकाश. ‘‘मला चार वर्षं एक कोडं सुटत नव्हतं. सहा वर्षं गप्प राहिलेली बाई त्या उन्हाळ्यातच एकाएकी का उठली? मी काय काय कारणं लिहिलीत. पुतण्याची सक्ती, पिकाचं नुकसान. आणि तिला तर दिवस गेले होते. कायदा तिला ठाऊक होता, बाबा. पोर जन्मायच्या आत तिला सुटायचं होतं.’’

‘‘पण तुझं प्रकरण,’’ टेंबे म्हणाले.

‘‘प्रकरण गेलं,’’ ईश्वरी म्हणाली, आणि तिला हसू आलं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. हसते आहे की रडते आहे हे टेंब्यांना समजेना. त्यांनी आपलं पाणी तिच्याकडे सरकवलं.

मग ती ताडकन उठली. ‘‘चला. मी काहीतरी बाजूला ठेवलं होतं.’’

तिच्या खोलीत फाइलींचे गठ्ठे होते. खालच्या कप्प्यातून तिने एक कागद काढला. त्याच काउंटीतला, सोळाशे अठ्ठ्याण्णवचा. वाहून गेलेल्या एका होडीच्या तंट्यातली साक्ष. दोघांनी मिळून ती वाचली, ईश्वरी ओळ म्हणायची आणि टेंबे मूळ अक्षरांवर बोट ठेवायचे. ‘जुडिथ, हॅनाची मुलगी, वय तेवीस किंवा त्याच्या आसपास, या काउंटीत मुक्त म्हणून जन्मलेली, शपथेवर सांगते की...’

‘‘तीन वर्षांपूर्वी मिळालं होतं हे. ‘मुक्त म्हणून जन्मलेली’ वाचलं आणि म्हटलं, ही आपली जुडिथ नाही. हॅना नावाच्या बायका काय कमी होत्या?’’ ती खुर्चीवर बसली. ‘‘तेवीस वर्षांची बाई कोर्टात उभी राहून एका होडीबद्दल बोलतेय. मी तिला गुलाम करून ठेवलं होतं.’’

‘‘तू नाही. त्या टाइप करणाऱ्याने.’’

‘‘मीही. पण सोमवारच्या आत कळलं.’’ तिने मोठा श्वास सोडला. ‘‘सोमवारनंतर कळलं असतं तर काय झालं असतं?’’

तिच्या प्राध्यापिका बाई खालच्याच मजल्यावर होत्या. ईश्वरी कागद घेऊन गेली. टेंबे बाहेर बाकावर थांबले. कारखान्यातल्या मोठ्या चाचणीच्या वेळी वाटायचं तसं त्यांना वाटत होतं. वीस मिनिटांनी दोघी बाहेर आल्या. बाईंनी टेंब्यांशी हस्तांदोलन केलं आणि कानाचं यंत्र पाहून स्पष्ट, मोठ्याने म्हणाल्या, ‘‘छापून झाल्यावर अशी चूक सापडते तेव्हा मला भीती वाटते. आधी सापडली की मी केक आणते.’’ त्यांनी प्रबंधाला तीन आठवडे वाढवून दिले होते.

दोघं नदीकाठी जाऊन बसली. वासंतीने दिलेल्या डब्यात थालीपीठं होती. ईश्वरीने तीन खाल्ली. सकाळपासून ती उपाशी होती.

‘‘पुढे काय झालं जुडिथचं?’’ टेंब्यांनी विचारलं.

‘‘माहीत नाही. त्या साक्षीनंतर ती दिसत नाही.’’ ती पाण्याकडे बघत होती. ‘‘सोळाशे एक्याण्णवपासून कायदा होता की कुणी आपल्या गुलामाला मुक्त केलं तर त्याला वसाहतीबाहेर पाठवायचं. सतराशे पाचमध्ये सगळे कायदे एकत्र करून आणखी आवळले. काळ्या माणसाची साक्षसुद्धा बंद झाली. हॅना आणखी तीस वर्षांनी आली असती तर तिला काहीच करता आलं नसतं. तिच्यासारख्या थोड्याच, बाबा. बाकीच्या हजारोंच्या वाट्याला ऑक्टोबर आलाच नाही.’’

‘‘पण हिला आला.’’

‘‘हो. हिला आला.’’

एक मालवाहू बोट प्रवाहाविरुद्ध सावकाश वर चढत होती. मग ईश्वरीने विचारलं, त्या कारकुनाचं मोठं ‘एच’ त्यांनी कसं ओळखलं, तिला ते नेहमी फसवतं. टेंब्यांनी डब्याच्या कागदावर काढून दाखवलं. तिने त्याच्याखाली काढून बघितलं. गाडीची वेळ झाली तरी दोघांचं अक्षरांचंच चाललं होतं.

परतीच्या गाडीत टेंबे इतके गाढ झोपले, की माइन्झला तिकीट तपासनीसाने त्यांना खांद्याला धरून उठवलं. संध्याकाळी दारात वासंती वाट बघत होती.

‘‘काय म्हणाली?’’

‘‘तीन आठवडे मिळालेत.’’ त्यांनी बूट काढले. ‘‘उद्या सकाळी येतेय ती. त्या वहीची बारा पानं राहिलीयत, ती दोघं मिळून वाचणार आहोत.’’

‘‘मग तुमचा पसारा आवरा आधी. तिला बसायला जागा करा,’’ वासंती म्हणाली आणि पोहे तिघांना पुरतील इतके आहेत का ते बघायला आत गेली.